हात खिशात

मास्तरांनी आयुष्यात कुठल्याही शाळेत एक तासही शिकवलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी सार्वजनिक बागांत खुरपं चालवलं होतं. तरी सगळी वस्ती त्यांना मास्तरच म्हणायची, कारण त्यांना कोणी वेळ विचारली तर ते आधी घड्याळाची निगा कशी राखावी ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर ते घरी स्वस्थ बसतील अशी घरच्यांची समजूत होती. ती जेमतेम पंधरा दिवस टिकली.

घरच्यांच्या हिशेबात एक गोष्ट राहून गेली होती. मास्तरांची थोरली बहीणही त्याच वर्षी निवृत्त झाली. ती इस्पितळात वॉर्डाची मुख्य नर्स होती, आणि जशी ती सगळ्या वॉर्डाची ताई होती तशी आता सगळ्या वस्तीची ताई झाली. पाण्याच्या टाकीमागे एक पडीक तुकडा होता. ताईने रहिवासी समितीकडे तो मागितला. समितीने दुसऱ्याच बैठकीत हात टेकले, आणि ताईला ओळखणाऱ्या कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही.

तिथे या दोघा बहीणभावांनी बाग उभी केली आणि बागकामाची शिकवणी सुरू केली. एका तुकडीत दहा माणसं, बारा आठवडे, आणि शेवटी प्रत्येकाला परीक्षेसाठी एकेक वाफा. कारभार उत्तम चालला होता. भांडणंही नियमित होत होती. बासष्ट वर्षांच्या मास्तरांना ताई अजून सगळ्यांसमोर “टोपी घाल, ऊन लागेल” म्हणायची, आणि मास्तर टोपी घालत नाहीत हे बघून स्वतः आणून डोक्यावर ठेवायची. अवजारांच्या खोलीमागे मोडक्या खोक्यांचा आणि रिकाम्या पोत्यांचा एक ढीग साचला होता. तो आवरायची पाळी कोणाची, हा वाद तर दोन वर्षं मिटलेला नव्हता. तो ढीग दिसला की भांडण आठवतं म्हणून दोघंही तिकडे फिरकायचेच नाहीत.

पहिल्या तुकडीचे वाफे बघायला लोक लांबून आले होते. दहाच्या दहा वाफे दृष्ट लागावी असे. कारण उघड होतं. शिकणाऱ्याने खुरपं उचलायच्या आत मास्तर “अहो, असं नव्हे, आणा इकडे” म्हणून ते काढून घ्यायचे, आणि त्यांच्या हातून सुटलेलं काम ताई करून टाकायची. शिकणारे बाजूला उभं राहून माना डोलवायचे. त्यांच्यातला एक जण पुढे एका शाळेत माळी म्हणून लागला आणि सहा महिन्यांत शाळेचं हिरवं कुंपण पार वाळवून परत आला. फाटकात उभं राहूनच त्याने सुनावलं, “तुम्ही मला बाग करून दाखवलीत, मास्तर. शिकवली नाहीत.” त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अवजारांच्या खोलीवर एक पाटी रंगवली. शिकवताना शिकवणाऱ्याचे हात खिशात. आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, परीक्षेच्या वाफ्याला शिकवणाऱ्याचा हात लागला तर वाफा बाद. ताईने दोघांच्याही एप्रनला कोपरापर्यंत हात जातील एवढे खोल खिसे शिवले. तेव्हापासून मास्तर वाफ्यांमधून हात खिशात घालून हिंडायचे, आणि कोणी रोप वाकडं लावलं की खिशात उंदीर शिरल्यासारखी हालचाल व्हायची. पण हात बाहेर येत नसत. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

यंदाच्या तुकडीत टाइपिस्टबाई आल्या. एकाच कचेरीत बावीस वर्षं टायपिंग केल्यावर ती कचेरीच बंद झाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मातीला हात लावायच्या आधी हातरुमाल काढला आणि लावल्यावर लगेच हात धुवून आल्या. तासाभरात सहा वेळा. मास्तरांनी ताईकडे बघितलं, ताईने आभाळाकडे.

पण बाई चिवट निघाल्या. त्या दोरी ताणून ओळी आखायच्या, दोन रोपांमधलं अंतर पट्टीने मोजायच्या, आणि प्रत्येक ओळीला घरून टाइप करून आणलेलं लेबल लावायच्या. जवळ एक वही असायची, तिच्यात सगळं टिपलं जायचं.

“मास्तर, तुम्ही म्हणालात थोडं खत घाला. थोडं म्हणजे किती?”

“थोडं म्हणजे...” मास्तरांना हा प्रश्न तीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. “थोडं म्हणजे थोडंच हो.”

बाईंनी वहीत लिहिलं, थोडं म्हणजे किती ते मास्तरांनाही माहीत नाही. मास्तरांनी ते वाकून वाचलं आणि दिवसभर फुगून बसले.

मास्तरांचा पहिला धडा मात्र बाईंनी लगेच उचलला, कारण त्यात माप होतं. तो धडा बोटाचा. पाणी घालायच्या आधी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं. बाहेर येताना माती बोटाला चिकटली तर पाणी नको, बोट कोरडं आलं तर घाला. “झाड बघून पाणी घालू नका,” मास्तर प्रत्येक तुकडीला दरडावून सांगायचे. “झाड भर दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी पुन्हा उचलतं. त्याच्या नाटकाला भुलायचं नाही. बोटाला विचारा.”

बाई राहायच्या थोरल्या भावाकडे. घरात कशाची वाण नव्हती. भाऊ चांगला, वहिनी त्याहून चांगली. फक्त बाईंनी काहीही हातात घेतलं की दोघांपैकी कोणीतरी “असू दे गं, तुला नाही जमायचं” म्हणून ते मायेने काढून घ्यायचं. कचेरी होती तोवर दिवसाचे आठ तास तरी त्यांचे बाहेर जायचे. आता चोवीस तास ही माया होती.

गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाला माळी हवा होता, आणि नोकरीबरोबर राहायला एक खोली मिळणार होती. आश्रमाच्या व्यवस्थापिका शेवटच्या शनिवारी बागेत येणार होत्या. ज्याचा वाफा पसंत पडेल त्याला नोकरी. तुकडीतल्या बाकीच्यांपैकी कोणालाच ती नको होती. कोणाचं दुकान होतं, कोणाला नातवंडं होती. म्हणजे बाईंचा वाफा बरा निघाला तर बाई, नाहीतर बाहेरचा कोणीतरी.

“मी खोली बघून आले, ताई,” बाई एकदा झारी धुताना म्हणाल्या. “लहानशीच आहे. दाराला कडी आहे. आतून लावता येते.”

ताईने हे त्या संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. त्या दिवशी दोघांचं भांडण झालं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

दहाव्या आठवड्यात एका दुपारी बाईंच्या वाफ्यातल्या टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या. मास्तरांनी ते बघितलं. संध्याकाळी रोपं पुन्हा ताठ झाली, पण तोवर मास्तर घरी गेले होते. रात्रभर त्यांना ती मानच दिसत होती. सकाळी बागेत कोणी यायच्या आत ते आले, झारी भरली आणि हळूच वाफ्याला पाणी घातलं.

बोट घातलं का? नाही घातलं. प्रत्येक तुकडीला बोट घालायला शिकवणाऱ्या माणसाने ते घातलं नाही, कारण बोटाचं भोक मातीत राहिलं असतं. बाई वाफा पट्टीने मोजणाऱ्या. एक भोक जास्त दिसलं की त्यांनी लगेच वहीत नोंद केली असती. झारीच्या पाण्याचा मात्र पुरावा राहत नाही, असं मास्तरांचं मत होतं. चोरी करताना माणूस आपलं शहाणपण घरी ठेवून येतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशीही. चारपाच दिवसांनी खालची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा मास्तरांनी काढायचा तोच चुकीचा अर्थ काढला आणि झारी पुरती काठोकाठ भरली. काही रोपं तर नाहीशीच झाली होती. वाफा निम्मा रिकामा दिसत होता. मेलेली रोपं बाईंनी उपटून टाकली असणार, असं समजून मास्तर आणखी धास्तावले.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी त्यांनी ठरवलं की सकाळच्या पाण्याने भागत नाही, दुपारीही घालायला हवं. शिकणारे जेवायला गेल्यावर ते झारी घेऊन वाफ्यापाशी आले. तर तिथे ताई उकिडवी बसलेली, आणि तिच्या हातात द्रवखताची बाटली.

“ताई!”

“ओरडतोस काय? माझ्या कानाला काही झालेलं नाही.”

“तू परीक्षेच्या वाफ्याला हात लावलास?”

“हात कुठे लावला? बाटली लावली.” ताईने बाटली एप्रनमागे लपवली. साठी ओलांडून पाच वर्षं झालेल्या बाईने लपवावी तशीच, म्हणजे अर्धी बाहेर ठेवून. “मान टाकली होती बिचाऱ्यांनी. म्हटलं जरा ताकदीचं द्यावं. पेशंटला सलाईन नाही का लावत?”

“किती दिवस चाललंय हे?”

“दोन आठवडे. आणि तू रे? तू इथे काय करतोयस?”

“मी? माझा चष्मा राहिला होता.”

“चष्मा तुझ्या नाकावर आहे. हातात झारी आहे.”

बाटली एप्रनमागून बाहेर आली, झारी जमिनीवर ठेवली गेली. मग मास्तर खाली बसले आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच त्यांनी त्या मातीत बोट घातलं. दुसऱ्या पेरावर थांबावंच लागलं नाही, सगळा पंजा आत गेला. बाहेर आला तो चिखलाने बरबटलेला, आणि मातीला आंबूस वास येत होता.

“बुडवलं आपण,” मास्तर म्हणाले.

ताईने वॉर्डात असल्या बातम्या पुष्कळ ऐकल्या होत्या. तिने बाटलीचं बूच घट्ट लावलं. “आता सांगून टाक तिला.”

“सांगितलं तर वाफा बाद. पाटीवर लिहिलंय.”

“मग नको सांगूस.”

“नाही सांगितलं तर ती म्हणेल, माझ्याच हाताला गुण नाही. जन्मभर म्हणेल. घरी जाईल, आणि घरी तर ते म्हणायला दोन माणसं तयारच आहेत.”

“मग पाटी पुसून टाक. तुझीच तर आहे.”

मास्तर खरंच पाटीपर्यंत गेले. रंगाचा डबाही त्यांनी उघडला. पण त्यांना फाटकात उभा राहिलेला तो शाळेचा माळी आठवला, आणि डबा त्यांनी परत लावून टाकला.

गुरुवारी बाईंनी त्यांना थेटच विचारलं, “मास्तर, पानं पिवळी का पडतात?”

आता तरी बोलायचं की नाही? समोरून दार उघडलेलं होतं. पण मास्तरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “कारणं अनेक असतात.”

बाईंनी ते वहीत लिहिलं. लिहिताना मान वर केली नाही. मास्तरांना स्वतःची एवढी लाज कधीच वाटली नव्हती, आणि शुक्रवारी ती तेवढीच होती, तरी शुक्रवारीही ते बोलले नाहीत.

शनिवारी व्यवस्थापिका आल्या. ठेंगण्या, पायात जाड बूट, बोलणं मोजकं. नऊ वाफे त्यांनी भराभर बघितले. दहाव्यापाशी थांबल्या. तुकडी मागे गोळा झाली. वाफ्यात दहाबारा रोपं उरली होती, पिवळी आणि मरगळलेली, आणि प्रत्येकापुढे एक सुरेख टाइप केलेलं लेबल.

“हा वाफा कोणाचा?”

“माझा,” टाइपिस्टबाई म्हणाल्या. त्यांनी वही छातीशी धरली होती.

मास्तरांचे हात खिशातून बाहेर आले. ते बाहेर कसे आले ते त्यांनाही कळलं नाही.

“वाफा यांचा, पण तो बुडवला मी,” ते म्हणाले. “रोज पहाटे पाणी घातलं. बोट न घालता.”

“आणि दुपारी मी खत घातलं,” ताई म्हणाली. “तो एकटाच गाढव नाही.”

तुकडीत कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. मास्तर पुढे म्हणाले, “नियमाप्रमाणे वाफा बाद आहे. नियम मीच केला. पण यांचं यात काही चुकलेलं नाही, एवढं लिहून घ्या. सबंध तुकडीत यांच्याइतकं नीट काम कोणी केलं नाही. आणि परवा यांनी मला सरळ विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.”  

“मास्तर, झालं तुमचं?” बाईंनी विचारलं. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्यांनी वही उघडली आणि कचेरीतलं पत्र वाचावं तशी एका सुरात वाचायला सुरुवात केली.

“सोमवार. आज पाणी घातलं नाही. बोट ओलं. मंगळवार. आज पाणी घातलं नाही. बोट जास्त ओलं. वाफ्याच्या कडेला चपलेचा ठसा, डाव्या टाचेला चीर.”

सगळ्यांनी मास्तरांच्या डाव्या चपलेकडे बघितलं. मास्तरांनी पाय मागे घेतला.

“बुधवार. दुपारी आणखी एक ठसा. लहान. मातीला खताचा वास.” बाईंनी पान उलटलं. “हे सगळं दहाव्या आठवड्यातलं आहे.”

“म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?” ताईने विचारलं.

“हो. सांगणार होते. पण कसं सांगू, ताई? तुम्ही दोघं इतक्या मायेने करत होतात.” बाई जराशा थांबल्या. “घरी पण मला हे कधी सांगता आलं नाही. म्हणून मग मी निम्मी रोपं उचलली.”

“आणि कुठे लावलीत?” मास्तर म्हणाले.

“जिथे तुम्ही दोघं कधी जात नाही तिथे.”

त्या सगळ्यांना अवजारांच्या खोलीमागे घेऊन गेल्या. मोडकी खोकी खिळे ठोकून सरळ केलेली होती, तळाला भोकं पाडलेली होती, आतून पोत्यांचं अस्तर होतं. बारा खोकी एका ओळीत, मधलं अंतर अर्थातच मोजलेलं. आणि खोक्यांत बारा रोपं, बुटकी पण गर्द हिरवी, दोनतीन रोपांना तर फुलं आलेली. ढीग नाहीसाच झाला होता. दोन वर्षांचं भांडण बाईंनी कोणाला न विचारता निकालात काढलं होतं.

“इतर वाफ्यांपेक्षा ही लहान आहेत,” व्यवस्थापिका म्हणाल्या.

“उपटून लावली ना. आठवडाभर रुसली होती. आता सावरली आहेत.”

“यांना तरी या दोघांचा हात लागलेला नाही ना?”

“नाही हो,” ताई म्हणाली. “इथल्या कशालाही आम्ही दोन वर्षांत हात लावलेला नाही.”

व्यवस्थापिकांनी एका खोक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. मग दिवसभरातलं सर्वांत लांब बोलणं त्या बोलल्या. “आमच्याकडे बत्तीस म्हातारी माणसं आहेत. जवळजवळ सगळ्यांनी कधी ना कधी बाग केलेली आहे, आणि प्रत्येकाला वाटतं की माळ्याला काही कळत नाही. कोणी पहाटे पाणी घालतं, कोणी उरलेला चहा ओततं. आधीचा माळी त्यांच्यावर ओरडायचा. शेवटी कंटाळून सोडून गेला. तुम्ही काय कराल?”

बाई विचारात पडल्या. मास्तरांचा जीव टांगणीला लागला. उत्तर त्यांच्या ओठावर आलं होतं, तेही एक नाही, तीन. ताईने त्यांच्या पायावर पाय ठेवला.

“मास्तर, जरा इकडे या,” बाई म्हणाल्या. “या खोक्यात बोट घाला.”

मास्तर गुडघ्यावर बसले. बोट मातीत खुपसलं, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि बाहेर काढलं. बोटाला माती चिकटली होती.

“सांगा. पाणी हवंय का?”

वर ऊन चांगलंच तापलं होतं आणि रोपाची वरची दोन पानं जराशी लोंबत होती. मास्तरांना ती दिसत होती. “हो” म्हणायला त्यांचा जीव कासावीस झाला.

“नको,” ते म्हणाले.

“मग?”

मास्तर उठले आणि त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. चिखलाच्या बोटासकट, कोपरापर्यंत.

“मी असं करीन,” बाई व्यवस्थापिकांना म्हणाल्या. “बत्तीसही जणांबरोबर. रोज.”

व्यवस्थापिकांनी पिशवीतून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली आणि सोमवारी सकाळी आठला या म्हणाल्या. बाईंनी ती वेळ वहीत लिहिली. लिहून झाल्यावर मात्र त्यांना वही मिटता येईना. ताईने पुढे होऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि लगेच आठवण होऊन तो काढून घेतला. मग बाईंनीच तो पकडून परत जागेवर ठेवला.

सगळे पांगल्यावर मास्तर खोक्यांपाशी घुटमळत राहिले. बाई लेबलं गोळा करत होत्या.

“बाई,” ते म्हणाले, “मी कधीमधी तिकडे आलो तर चालेल का? नुसतं बघायला हो.”

“या ना, मास्तर. अवश्य या,” बाई म्हणाल्या. “फक्त दार वाजवा. कडी आतून लावलेली असेल.”